जरा लोणी इकडे दे

पंप दुरुस्तीच्या धंद्यात खोटं बोलल्याशिवाय पोट भरत नाही, असं नॉर्बर्ट आविलाचे धंद्यातले भाऊबंद म्हणत. नॉर्बर्टचं पोट तर चांगलं गरगरीत होतं आणि तो खोटं बोलत नसे. मग ते कशानं भरलं, हा त्या भाऊबंदांना पडलेला प्रश्न होता. त्याचं उत्तर त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात होतं, पण तिकडे नंतर जाऊ.

बदामाच्या बागा आणि गाईंचे गोठे यांच्यामध्ये जेवढी जागा उरते तेवढंच ते गाव. उन्हाळ्यात पंप बंद पडला की मोठ्या मोठ्या गोठेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळे आणि ते नॉर्बर्टला फोन करत. शेजारच्या गिल व्हिएराचा पंप एकदा असा काही कण्हायला लागला, की गिल नवा घ्यायला निघाला होता. नॉर्बर्टनं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि डॉक्टरसारखा थोडा वेळ उभा राहिला.

"बेअरिंग कोरडं पडलंय," तो म्हणाला. "ग्रीस घाल. आणि नव्या पंपाचे पैसे वाचले त्यात बायकोला समुद्रावर ने."

गिलनं बायकोला समुद्रावर नेलं नाही, पण ही गोष्ट डोनटच्या दुकानात वर्षानुवर्षं सांगितली. तेव्हापासून गावात कुणाचं कुणाशी पटेनासं झालं की लोक म्हणत, "नॉर्बर्टला विचार."

तर अशा या नॉर्बर्टनं अकरा वर्षं एक खोटं सांभाळलं होतं. आणि ते तो बोललासुद्धा नव्हता. त्यानं फक्त लोणी मागितलं होतं.

झालं होतं असं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, म्हणून तो आणि त्याची बायको नादीन शहरातल्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं दोघांना तपासलं आणि नॉर्बर्टकडे बघून विचारलं, "लहानपणी गालगुंड झालं होतं का?" झालं होतं. दोन्ही बाजूंनी. मूल न होण्याचं कारण तेच होतं; दोष नादीनमध्ये तसूभरही नव्हता. परतीच्या वाटेवर नॉर्बर्टनं गाडीचा रेडिओ दुरुस्त करण्याचा बहाणा केला. रेडिओला काहीही झालेलं नव्हतं.

त्या रविवारी आईकडे जेवण. आई म्हणजे इदालिना. चणीनं लहान, आवाजानं मोठी, आणि पोर्तुगालच्या बेटांवरून इकडे येऊन राहिलेल्या सगळ्या बायकांसारखी प्रत्येक रोगावर एक पाला ठाऊक असलेली. टेबलावर तळलेली सॉसेजं, गोड पाव, आणि नॉर्बर्टच्या दोन्ही आत्या.

"काय म्हणाला डॉक्टर?" इदालिनानं विचारलं.

"मूल होणार नाही म्हणाला," नादीन म्हणाली.

इदालिनानं चमचा खाली ठेवला आणि नादीनच्या पोटाकडे पाहिलं. बाजारात देखणी पण भाकड गाय दिसली की गोठेवाले जसं बघतात, तसं. "पोरी, मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "माझ्या मावशीचंही असंच होतं. एक काढा आहे."

मग सगळ्यांनी नॉर्बर्टकडे पाहिलं. ती वेळ होती. दोन वाक्यांचं काम होतं. नॉर्बर्टनं तोंड उघडलं आणि म्हणाला, "जरा लोणी इकडे दे."

लोणी नादीनजवळ होतं. तिनं ते दिलं.

पुढच्या रविवारी नक्की सांगायचं, असं त्यानं ठरवलं. पुढच्या रविवारी कुणाचंसं बारसं निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी आईचं डोकं दुखत होतं. मग काढे सुरू झाले, आणि काढे सुरू झाल्यावर सांगायचं म्हणजे 'आधी का नाही बोललास' हेही सांगावं लागणार. नॉर्बर्टनं दुसऱ्यांच्या गंजलेल्या नटबोल्टांवर आयुष्य काढलं होतं. जितका उशीर तितका नट घट्ट, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

नादीननं एकदाच विषय काढला. भांडी पुसता पुसता म्हणाली, "सांगशील तेव्हा सांग. तुझ्या आईच्या टेबलावर मी तुझी विजार उतरवणार नाही." आणि खरंच उतरवली नाही. ती सासूकडे जाऊन कडू काढे घ्यायची. ज्या साध्वीला म्हातारपणी मूल झालं, तिच्यापुढे मेणबत्त्या लावायची. आणि दर वर्षी पवित्र आत्म्याच्या सणाला पोर्तुगीज हॉलमध्ये जी परीक्षा व्हायची, तीही द्यायची. त्या सणाला गावातल्या लहान मुली राण्या होऊन, मखमलीचे लांबलचक झगे ओढत मिरवतात, आणि मग साऱ्या गावाला फुकट जेवण. देओलिंदा आत्या मिरवणूक बघता बघता दर वर्षी न चुकता म्हणायची, "नादीन, तुझी राणी कधी चालायची गं?"

"मखमल महाग झालीय हो, आत्या," नादीन हसून म्हणायची.

नॉर्बर्ट तेव्हा मागे मोठ्या देगांपाशी रस्सा ढवळत असे. डोळ्यांत पाणी आलं तर धुराचं नाव घेता यायचं, म्हणून ते काम तो कधी कुणाला देत नसे.

शेवटी मूल दत्तक घ्यायचं ठरलं. ठरवलं नादीननं. नॉर्बर्टला आनंद झाला, आणि तो आनंद साधारण एक आठवडा टिकला. आठवड्यानं ते एका दत्तक संस्थेच्या माहिती-सभेला गेले.

चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या, दगडासारखी बिस्किटं आणि संस्थेच्या मिसेस लुंडी. बाई साठीच्या, आवाज शांत, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी काही लपवलं नाही. वेळ लागेल म्हणाल्या, दोन वर्षं, कदाचित तीन. जी मुलगी बाळाला जन्म देणार तिच्याजवळही आमचं माणूस बसतं, तिचं मन बदललं तर बदलू देतं. "आणि तुमच्याशी आम्ही बोलतो. दोघांशी एकत्र, मग वेगवेगळं. स्वतःचं मूल का झालं नाही, ते कुणी कसं सोसलं, घरात कुणाला काय माहीत आहे. मुलाला घरात खरं सांगायचं असतं ना, म्हणून खरं बोलायची सवय आहे का ते बघतो. आजी-आजोबांनाही भेटतो."

बाकीच्या जोडप्यांना 'तीन वर्षं' ऐकून घाम फुटला. नॉर्बर्टला 'आजी' ऐकून फुटला.

त्याच आठवड्यात त्याला ट्रूडी सापडली. वर्तमानपत्रात छोटी जाहिरात होती. ट्रूडी मध्यस्थ होती. तिच्याकडे मूल सोपवायचा परवाना नव्हता आणि ती तसं म्हणतही नव्हती. ती फक्त गाठ घालून द्यायची, लग्न जुळवणाऱ्या बायकांसारखी. अडलेल्या मुली तिला फोन करायच्या, ती त्यांना जोडप्यांचे अल्बम पाठवायची. पसंती झाली की पुढचं वकील बघणार. सरकारी माणूस घर बघायला यायचा, पण तो बाळ घरी आल्यावर. नंतर. हा 'नंतर' शब्द नॉर्बर्टला फार आवडला.

"काही नाही रे राजा," ट्रूडी फोनवर म्हणाली. तिचा आवाज पाकात बुडवून काढल्यासारखा होता. "धर्म कुठला, सिगरेट ओढता का, आणि उंची किती, एवढंच सांग."

त्या संध्याकाळी नॉर्बर्टनं स्वयंपाकघरात नादीनसमोर भाषण केलं. संस्था म्हणजे नुसत्या चौकशा. तीन वर्षांत आपण म्हातारे होऊ. ट्रूडीकडे मुली थेट फोन करतात. पैसे आगाऊ द्यावे लागतात खरे, पण वेळ वाचतो. नादीन नळाखाली लेट्यूसची पानं धूत होती.

"नॉर्बर्ट," ती शेवटी म्हणाली, "तू मला नवा पंप विकतोयस."

"वेळ वाचतो म्हणून म्हणतोय मी."

"ग्रीस घालून नाही चालायचं?"

नॉर्बर्टला ग्रीस म्हणजे काय ते कळलं. ते आईच्या टेबलावर जाऊन घालायचं होतं. नादीननं हात पुसले. "बरं," ती म्हणाली. "ट्रूडी तर ट्रूडी."

मग अल्बम. ट्रूडीच्या सूचना रोज येत. दाढी काढ. निळा शर्ट घाल. बायकोला केक करताना दाखव. "आणि कुत्रा आहे ना?"

"नाही."

"अरे देवा! राजा, मुली आधी कुत्रा बघतात, मग नवरा बघतात. काहीतरी कर."

नॉर्बर्टला कुत्र्यांची भीती होती. पंपवाल्याला कुत्रे ओळखीशिवाय आत घेत नाहीत आणि ओळख दातांनी करून घेतात. पण तो गिलकडे गेला.

"तुझा मेजर तासभर देतोस का? फोटोला हवाय."

"त्याचं लग्न जमवतोयस की काय?" गिल म्हणाला.

मेजर आला आणि तासभर नॉर्बर्टच्या पायावर बूड टेकून बसला. फोटोत नॉर्बर्ट हसतोय, पण दाढ काढताना डॉक्टरनं 'हसा' म्हटल्यावर माणूस हसेल तसं. ट्रूडीनं खाली ओळ घातली: 'आमचा लाडका मेजर.' नादीननं ती वाचली, नॉर्बर्टकडे पाहिलं आणि पान उलटलं.

दोन महिन्यांत ट्रूडीचा फोन. शेल्बी नावाच्या मुलीनं त्यांना निवडलं होतं. वय विशीच्या आसपास, धुलाईच्या दुकानात कामाला, सातवा महिना. पॅनकेकच्या हॉटेलात भेटायचं ठरलं. "हलकंफुलकं ठेवा," ट्रूडीनं बजावलं. "ती खाईल ते खाऊ द्या. नको ते बोलू नका."

शेल्बी त्यांच्या आधीच येऊन बसली होती. पातळ केसांची, नखं कुरतडलेली, पोटामुळे टेबलापासून लांब बसलेली पोर. तिनं पहिल्यांदा दाराकडे पाहिलं.

"मेजरला नाही आणलंत?"

"त्याला गाडी लागते," नॉर्बर्ट म्हणाला.

"अय्या! आमच्या रस्टीलाही लागायची!" पोरीचा चेहरा असा उजळला की नॉर्बर्टला थांबवेना. मेजरला त्यानं एक चौकटीचं पांघरूण दिलं. कोंबडीचं वावडं दिलं. वीज कडाडली की पलंगाखाली जायची सवय दिली. ज्या माणसानं गिऱ्हाइकाला कधी एक जास्तीचा स्क्रू विकला नव्हता, त्यानं पाच मिनिटांत अख्खा कुत्रा विकला. नादीन पाकाच्या बाटलीवरचं लेबल वाचत होती.

मग शेल्बीनं काटा खाली ठेवला. "एक विचारू? रागावू नका. तुम्हाला स्वतःचं का नाही झालं?"

नॉर्बर्टची नजर टेबलावर फिरली. काय शोधत होती ते त्याला स्वतःला समजलं, आणि कानशिलं तापली. तेवढ्यात नादीन बोलली.

"माझ्यात दोष आहे गं," ती म्हणाली. "माझ्यामुळेच."

किती सहज म्हणाली! कुणी पत्ता विचारावा आणि आपण घर नंबर सांगावा, तसं. आवाज हलला नाही, नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. नॉर्बर्टला कळलं की हे ती पहिल्यांदा म्हणत नाहीये. आत्यांना, शेजारणींना, दुकानातल्या बायकांना, कुणाकुणाला हे सांगत आली होती ती, आणि तो दर वेळी जवळपासच कुठेतरी होता.

शेल्बीनं हात पुढे करून नादीनच्या हातावर ठेवला. "सॉरी हं," ती म्हणाली. विशीतली, पोटुशी, जिला स्वतःला कुणी सॉरी म्हटलं नसेल अशी पोर.

"तिचा नाही," नॉर्बर्ट म्हणाला. घसा कोरड्या बेअरिंगसारखा वाजला. "दोष माझा आहे. लहानपणी गालगुंड झालं होतं. ती माझं झाकतेय. अकरा वर्षं झाकतेय." आणि एकदा तोंड उघडलंय तर सगळंच जाऊ दे, असं होऊन, "आणि कुत्रा गिल व्हिएराचा आहे."

"काय?"

"मेजर. शेजाऱ्याचा आहे. मला कुत्र्यांची भीती वाटते."

"मग वीज कडाडली की पलंगाखाली कोण जातं?"

"हाच जातो," नादीन म्हणाली.

शेल्बी हसली. खूप हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग ती हसेना. ताट तिनं बाजूला सारलं.

"कुत्र्याचं मरू दे," ती नॉर्बर्टला म्हणाली. "पण तुमच्या आईला हे माहीत आहे? तुमच्या नातेवाइकांना?"

"नाही."

"मग उद्या माझ्या पोरावर काही आलं, तर तुम्ही काय कराल? असेच गप्प बसाल?"

उरलेले पॅनकेक डब्यात बांधून घेऊन शेल्बी निघून गेली. जाताना नादीनला तिनं मिठी मारली. पोट मधे आल्यामुळे ती मिठी जरा तिरकी झाली.

दुसऱ्या दिवशी ट्रूडीचा फोन. शेल्बीनं दुसरं जोडपं निवडलं होतं. "राजा, कुत्र्याबद्दल कुणी खरं बोलतं का?" ट्रूडी कळवळून म्हणाली. "जाऊ दे, पुढच्या मुलीला मांजर दाखवू." नॉर्बर्टनं तिला फोनवरूनच शेवटचा नमस्कार केला. आगाऊ दिलेले पैसे त्यानं मागितलेही नाहीत. कुठल्या तोंडानं मागणार?

"माझं चुकलं," तो नादीनला म्हणाला.

"पॅनकेकच्या हॉटेलात कबूल केलंस," ती म्हणाली. "लोणी तिथे मागितलं नव्हतंस, आईच्या टेबलावर मागितलं होतंस."

मग नॉर्बर्टनं स्वतः मिसेस लुंडींना फोन केला. अर्ज करायचाय, पण आधी एक काम उरकायचंय, म्हणाला. त्यांनी कुठलं ते विचारलं नाही. "उरका," एवढंच म्हणाल्या.

आता हे काम घरी उरकता आलं असतं. पण नॉर्बर्टला धीर येईपर्यंत सण उजाडला. हॉलच्या मागे देगा उकळत होत्या. इदालिना पुदिन्याच्या जुड्या धूत होती, देओलिंदा आत्या रश्श्याखाली घालायचा पाव कापत होती. नादीन पावाची टोपली घेऊन आली, आणि बाहेर बँड वाजायला लागला.

"आल्या राण्या!" आत्या म्हणाली. "नादीन, तुझी राणी..."

"आत्या, ते तिला नको विचारूस," नॉर्बर्ट म्हणाला. "मला विचार. दोष माझ्यात आहे. पहिल्यापासून डॉक्टर तेच म्हणाला होता."

आत्याची सुरी पावात अर्ध्यावर थांबली. दोन देगांवरची माणसं एकाएकी रस्सा फार लक्ष देऊन ढवळू लागली.

"काय म्हणतोस?" इदालिना म्हणाली.

"गालगुंड, आई."

"आणि मी हिला काढे पाजले?"

"हो."

"तो कडू? दर रविवारी उपाशीपोटी?"

"हो."

"आणि तू काय करत होतास रे मेल्या?"

नॉर्बर्टनं खरं ते सांगितलं. "लोणी लावत होतो."

इदालिनानं हातातली पुदिन्याची ओली जुडी त्याच्या तोंडावर हाणली. मग नादीनकडे वळली. "आणि तू का प्यायलीस गं बये?"

"सगळे नाही प्यायले," नादीन म्हणाली. "तुमच्या खिडकीतला गुलाब आपोआप वाळला वाटलं तुम्हाला?"

देगांवरची माणसं हसली. इदालिना हसली नाही. तिनं एप्रन सोडला, बटाट्यांच्या रिकाम्या खोक्यावर बसली, आणि सबंध गाव जेवून उठलं तरी तिथून हलली नाही. तिनं इतकी वर्षं जपलेल्या सणाला त्या दिवशी तिच्या हाताचा पुदिना कुणाला मिळाला नाही. नॉर्बर्ट तिच्यासमोर ढवळत उभा होता. डोळे पुसले, पण धुराचं नाव घेतलं नाही.

आपण मोठं काम केलं, असं त्याला गाडीत बसेपर्यंत थोडंसं वाटत होतं.

"चारचौघांत कशाला?" नादीन म्हणाली. "घरी बोलला असतास तर मला रडता आलं असतं. तिथे सगळे बघत होते. मला मोठं मन दाखवावं लागलं. परत मलाच."

तेही चुकलंच होतं. नॉर्बर्टनं रेडिओला हात लावला नाही.

मिसेस लुंडी घरी आल्या, एकत्र बोलल्या, वेगवेगळं बोलल्या. नॉर्बर्टनं लोण्यापासून मेजरपर्यंत सगळं सांगितलं. त्या मान डोलवत ऐकत राहिल्या. शाबासकी काही दिली नाही. मग इदालिनाकडे गेल्या. तुमचा मुलगा कसा आहे, असं त्यांनी विचारलं. "पंपाच्या बाबतीत अगदी खरा," इदालिना म्हणाली. "बाकीचं सुनेला विचारा."

सांगितल्यापेक्षाही जास्त वेळ लागला, पण शेवटी घरात मुलगी आली, इनेस. आत्यानं ती यायच्या आधीच मखमल घेऊन ठेवली होती. रविवारची जेवणं चालू आहेत. फक्त त्या सणापासून आईच्या टेबलावर नॉर्बर्टला कुणी लोणी देत नाही. असं कुणी ठरवलं नाही, पण त्यानं मागितलं की बोलणी थांबतात. म्हणून तो मागत नाही. उठतो, टेबलाला वळसा घालतो, स्वतः घेतो.

एका रविवारी तो असाच उठायला लागला, आणि शेजारच्या उंच खुर्चीतल्या इनेसनं बशी आपल्या चिकट हातांनी त्याच्याकडे ढकलली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. नॉर्बर्टनं बशी घेतली, पावाला काही लावलं नाही, आणि मान खाली घालून ती तशीच धरून बसला.

"लाव की आता," शेवटी नादीन म्हणाली. "पघळतंय ते."